‘झाले’ आणि ‘झाले आहे’

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजीतील ‘प्रेझेंट परफेक्ट’ म्हणजे आपला पूर्ण वर्तमानकाळ, असे आपण शाळेत पाठ करतो. ‘मी पत्र लिहिले आहे’ म्हणजे ‘आय हॅव रिटन अ लेटर’. येथवर सारे सुरळीत चालते. पण ही दोन रूपे सख्ख्या बहिणींसारखी दिसत असली, तरी त्यांचे वागणे निराळे आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे चाळीतले इंग्रजी अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे येते. अर्जात काळ बदलला की अर्थ बदलतो, म्हणून हा खटाटोप.

पहिला फरक वेळ सांगण्याचा. ‘पाहुणे कालच आले आहेत’ हे मराठी वाक्य कोणालाही खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असा सरलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ला जागा उरत नाही, तेथे साधा भूतकाळच हवा. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव बदलले आहे, एवढेच सांगायचे तर ‘द नेम हॅज चेंज्ड’. पण ‘२०१८ साली’ हे शब्द जोडले की नुसते ‘चेंज्ड’.

दुसरा फरक उलट दिशेचा आहे. ‘आजोबा साठ वर्षांपासून लालबागला राहतात’, असे आपण साध्या वर्तमानकाळात म्हणतो. इंग्रजीला ते चालत नाही. राहणे पूर्वी सुरू झाले आणि आजही चालू आहे, म्हणून ‘ही हॅज लिव्हड इन लालबाग फॉर सिक्स्टी इयर्स’.

याच आजोबांनी अठरा वर्षे गिरणीत काम केले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आजोबाही होते. त्यांना पुन्हा गिरणीत जाता आले नाही. त्यांच्याविषयी ‘ही हॅज वर्क्ड इन अ मिल फॉर एटीन इयर्स’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल की ते अजून पाळीला जातात. तेथे ‘ही वर्क्ड’ हेच खरे. माणूस एकच, त्याचे राहणे एका काळात आणि काम दुसऱ्या काळात.

संपाबद्दल लिहितानाही हेच. संप १९८२ साली सुरू झाला, म्हणून ‘बिगॅन’. पण ‘गिरण्या बंद झाल्या आहेत’ याला ‘हॅव क्लोज्ड’, कारण त्याचा परिणाम परळ-लालबागमध्ये आजही डोळ्यांसमोर आहे.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्या मदतीला धावते. ‘तो दादरला गेला आहे’, म्हणजे अजून परतलेला नाही: ‘हॅज गॉन’. ‘तो दादरला जाऊन आला आहे’: ‘हॅज बीन’. इंग्रजीतला हा बारकावा आपल्या बोलण्यात आधीपासूनच आहे.

तेव्हा नियमांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा वाक्य लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या गोष्टीचा धागा आजपर्यंत पोचतो का? पोचत असेल तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. तुटला असेल तर साधा भूतकाळ. उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नसते. ज्याच्याविषयी लिहायचे, त्याला विचारावे लागते.