रक्त गोठते की नाही? जनावरांच्या रक्ततपासणीचा एक धडा



बैलाला तार लागली किंवा गायीचे शिंग मोडले, तर आपण जखमेत हळद भरतो आणि फडके दाबून धरतो. थोड्या वेळाने रक्त साकळते व आपण पुन्हा कामाला लागतो. पण कधी कधी रक्त थांबतच नाही. जखम नसतानाही नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते, कातडीखाली गाठ फुगते, शेण काळे पडते. अशा वेळी ‘उष्णता झाली’ म्हणून ताक पाजत बसणे, किंवा दिसेल ते इंजेक्शन टोचून घेणे, दोन्ही घातक. याची कारणे निरनिराळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. कारण ओळखायचे तर रक्तच तपासावे लागते.

रक्त गोठते कसे?

जखम झाली की प्रथम रक्तातील प्लेटलेट नावाचे सूक्ष्म कण धावून येतात आणि भोकावर बूच बसवतात. त्यानंतर रक्तातील काही द्रव्ये एकामागून एक जागी होतात व शेवटी फायब्रिनचे धागे तयार होतात. धाग्यांचे हे जाळे बुचाला घट्ट बांधून टाकते. ही द्रव्ये यकृतात बनतात आणि त्यांतील काहींना ‘के’ जीवनसत्त्व लागते. म्हणजे बिघाड तीन ठिकाणी होऊ शकतो : बूच अपुरे पडते, द्रव्ये बनत नाहीत, किंवा बनलेली द्रव्ये संपून जातात. आपल्या भैरवगढच्या शिवारात या तिन्हींची कारणे हाताशीच आहेत : गोचीड, उंदराचे औषध आणि घोणस.

पहिली तपासणी : वीस मिनिटांची नळी

घोणस चावली की तिचे विष रक्त गोठवणारी द्रव्ये भराभर वापरून संपवते आणि मागे पाण्यासारखे पातळ रक्त उरते. फुरशाच्या विषानेही असेच होते. हे ओळखण्याची तपासणी सोपी आहे. डॉक्टर शिरेतून २ मिलिलिटर रक्त काढून नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घालतात व ती २० मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करतात. गुठळी जागेवर राहिली तर ठीक. रक्त वाहू लागले तर ते गोठत नाही असे समजावे.

नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निकाल चुकतो. सर्व जनावरांचे रक्त एकाच वेगाने गोठत नाही. म्हणून त्याच गोठ्यातील निरोगी जनावराचे रक्त दुसऱ्या नळीत शेजारी ठेवावे. पहिल्या वेळी रक्त गोठले तरी काही तासांनी तपासणी पुन्हा करतात, कारण विष हळूहळूही भिनते.

इथे सर्पविषावरची लसच उपयोगी पडते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी ही लस घोड्यांच्या रक्तापासून बनवतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने अनेक दशके ती तयार केली. माणसाला देतात तीच लस डॉक्टर जनावरालाही देतात.

दुसरी तपासणी : प्रोथ्रॉम्बिन वेळ

गहू-हरभऱ्याच्या शेतात उंदरांच्या बिळांशी आपण ब्रोमाडायोलोनच्या वड्या ठेवतो. या औषधाची जन्मकथा गायींपासूनच सुरू होते. १९२० च्या दशकात अमेरिका व कॅनडात बुरशी लागलेला ‘स्वीट क्लोव्हर’ चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. आपल्या गव्हात उगवणारी सेंजी याच चाऱ्याच्या जातीची. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. काही वर्षांच्या खटपटीनंतर लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातील विषारी द्रव्य वेगळे केले. पुढे त्यावरूनच वॉरफरिन तयार झाले आणि १९४८ मध्ये ते उंदराचे औषध म्हणून बाजारात आले. आज हृदयाच्या अनेक रोग्यांना हेच वॉरफरिन मोजून दिले जाते. ब्रोमाडायोलोन हे त्याचेच अधिक जोरकस भावंड.

हे विष ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवते. रक्तात आधीची द्रव्ये शिल्लक असल्याने पहिले एक-दोन दिवस कुत्रा खेळत-बागडत असतो. रक्तस्राव साधारण तीन ते पाच दिवसांनी दिसतो आणि तोवर वडी खाल्ल्याची गोष्ट घरचे विसरलेले असतात. विष खाऊन मेलेले उंदीर मांजराने वारंवार खाल्ले तर त्यालाही बाधा होऊ शकते.

त्यासाठीची तपासणी आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. रक्त सायट्रेट घातलेल्या नळीत घेतात. ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट, म्हणून नळी खुणेपर्यंतच भरावी लागते. प्रयोगशाळेत त्यात कॅल्शियम व थ्रॉम्बोप्लास्टिन मिसळून गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. रक्तस्राव दिसण्याआधीच ही वेळ लांबलेली आढळते. माणसांचे आकडे जनावराला लागू नाहीत. इथेही निरोगी जनावराचा नमुना सोबत द्यावा.

उपाय म्हणजे ‘के-१’ जीवनसत्त्व. ब्रोमाडायोलोनच्या बाधेत ते बहुधा तीन-चार आठवडे द्यावे लागते व बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासणी करतात. कुत्रा उड्या मारू लागला म्हणून आठ दिवसांत औषध सोडले, तर रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. मात्र झिंक फॉस्फाइड हे विष निराळे. ते काही तासांतच मारते व त्यावर ‘के’ जीवनसत्त्व चालत नाही. म्हणून औषधाचे पाकीट कधी फेकू नये.

तिसरी तपासणी : प्लेटलेटची मोजणी

गोचिडांपासून कुत्र्याला एर्लिकिया नावाचा रोग होतो. त्यात प्लेटलेट घटतात, नाकातून रक्त येते, पोटावर व हिरड्यांवर तांबडे ठिपके उठतात. वीस मिनिटांच्या नळीत मात्र रक्त गोठते, कारण द्रव्ये शाबूत असतात. इथे प्लेटलेट मोजाव्या लागतात व काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. निरोगी कुत्र्यात त्या दर मायक्रोलिटरला साधारण दोन ते पाच लाख असतात. यावर डॉक्सिसायक्लिनसारखे औषध सुमारे चार आठवडे देतात; सोबत गोचिडांचा नायनाट हवाच.

आपण काय करावे?

१. जनावर शांत ठेवावे. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये.

२. मांसात इंजेक्शन टोचून घेऊ नये. तिथे आतल्या आत रक्त साचते. दुखण्यावरची गोळी मनाने देऊ नये.

३. रक्त आपण काढू नये. मानेची शीर टोचली तर रक्त आवरणे कठीण जाते; कोणती शीर घ्यायची ते डॉक्टर ठरवतील.

४. केव्हा चरायला सोडले, काय खाल्ले, कुठे सूज आली, हे वेळेसह लिहून ठेवावे.

५. १९६२ या क्रमांकावर फोन करावा. आपल्या राज्यात २०२३ पासून फिरत्या पशुचिकित्सा गाड्या सुरू आहेत. पहिल्या तपासणीला काचेची नळी आणि घड्याळ एवढेच लागते. पुढच्या तपासण्यांसाठी महू येथील पशुवैद्यक महाविद्यालयाविषयी डॉक्टरांना विचारावे.

६. उंदराचे औषध बिळाच्या आत खोल घालून तोंड बंद करावे. बुरशी लागलेली सेंजी गुरांना घालू नये.

सर्पविषाची लस उंदराच्या औषधावर चालत नाही आणि ‘के’ जीवनसत्त्व घोणसच्या विषावर चालत नाही. चुकीच्या औषधात एक दिवस गेला तर जनावर हातचे जाते. म्हणून रक्त थांबत नाही असे दिसताच डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा : ‘रक्त गोठते की नाही, हे नळीत पाहिले का?’