फेअरवे वूड : बॅगेत कोणते ठेवायचे, कोणते काढायचे

दुकानात फेअरवे वूड घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा थ्री वूड घेऊनच बाहेर पडतो. ड्रायव्हरच्या खालोखाल थ्री वूडच, असे त्याने धरूनच ठेवलेले असते. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या, अठराच्या आसपास हँडिकॅप असलेल्या गोल्फरच्या बॅगेत मात्र हाच क्लब सर्वांत कमी कामाचा ठरू शकतो. म्हणून क्लबच्या बुडावरचा आकडा पाहून निवड करू नये. आपला बॉल जमिनीवरून किती लांब उडतो आणि बॅगेत नेमके कुठे भगदाड आहे, हे आधी शोधावे.

पहिले काम बॅग रिकामी करण्याचे. नियमाप्रमाणे 14 क्लब नेता येतात, एकही जास्त नाही. ही मर्यादा अमेरिकेत 1938 मध्ये आली आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये. ती मोडली की काय होते, हे 2001 च्या ब्रिटिश ओपनमध्ये इयन वूसनमने अनुभवले. शेवटच्या दिवशी तो संयुक्त आघाडीवर होता. दुसऱ्या टीवर लक्षात आले की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत, एकूण क्लब पंधरा. दोन फटक्यांचा दंड बसला आणि तो संयुक्त तिसरा आला. तर मोजा : ड्रायव्हर आणि पटर मिळून दोन, पाच ते नऊ नंबरचे पाच आयर्न, पिचिंग वेज, गॅप वेज, सँड वेज. झाले दहा. लॉब वेज वापरत असाल तर अकरा. उरल्या तीन किंवा चार जागा, आणि वूड व हायब्रिड या दोघांनी मिळून त्या वाटून घ्यायच्या आहेत.

आता अंतरे मोजा. मारल्यापासून बॉल पहिल्यांदा जमिनीला टेकतो तिथपर्यंतचे अंतर म्हणजे कॅरी. पुढचा रोल धरायचा नाही. रोल जमिनीवर अवलंबून असतो, कॅरी आपल्यावर. रेंजवर प्रत्येक क्लबने दहा बॉल मारा, सर्वांत चांगले दोन आणि सर्वांत वाईट दोन सोडून द्या, राहिलेल्या सहांच्या मधला आकडा लिहा. उत्कृष्ट बसलेल्या फटक्याचा आकडा लिहायचा मोह टाळा. मैदानावर आपल्या हातून पडतो तो मधला फटका. रेंजचे बॉल जुने आणि मऊ पडलेले असतात, त्यामुळे सगळेच आकडे थोडे कमी येतील. चालेल, कारण आपल्याला दोन क्लबांमधला फरक हवा आहे. लाँच मॉनिटर मिळाला तर उत्तमच.

समजा, पाच नंबरच्या आयर्नची कॅरी 155 यार्ड आली आणि ड्रायव्हरची 200. मध्ये 45 यार्ड मोकळे. एका क्लबापासून दुसऱ्यापर्यंत 12 ते 15 यार्डांचे अंतर असावे, म्हणजे साधारण 170 आणि 185 चे दोन क्लब पुरतात. या गोल्फरला तीन वूडची गरजच नाही. तिसरी जागा वेजला दिली तर ग्रीनभोवती दोन फटके वाचतील. ज्याचा ड्रायव्हर 240 यार्ड उडतो, त्याचे भगदाड मोठे असते आणि त्याला थ्री वूड खरोखर लागते.

यानंतर थ्री वूडची परीक्षा घ्या, आणि ती गवतावरच घ्या. रेंजच्या मॅटवर क्लब बॉलच्या मागे टेकला तरी घसरत पुढे जातो आणि फटका बरा निघतो. गवतावर तोच फटका वीस यार्डही जात नाही. टी न लावता, कापलेल्या गवतावर बॉल ठेवून दहा फटके मारा. त्यातले सहा तरी नीट वर चढून ठरल्या अंतराला पडले, तर थ्री वूड राहू द्या. मग तेच दहा बॉल फाइव्ह वूडने मारा. मध्यम स्विंगच्या बऱ्याच खेळाडूंना दोन्हींच्या कॅरीत चार-पाच यार्डांचाच फरक दिसतो, काहींचे फाइव्ह तर पुढेच पडते.

याचे कारण लॉफ्टमध्ये आहे. थ्री वूडचा लॉफ्ट साधारण 15 अंश, फाइव्हचा 18, सेव्हनचा 21, नाइनचा 24. शाफ्टही क्रमाने अर्ध्या-अर्ध्या इंचाने आखूड होत जाते. थ्री वूड 43 इंचांच्या आसपास असते. बॉल हवेत टिकायला वेग, उड्डाणाचा कोन आणि बॅकस्पिन हे तिन्ही लागतात. स्विंगचा वेग कमी असेल तर 15 अंशांनी बॉल पुरेसा चढत नाही आणि लवकर खाली येतो. लॉफ्ट वाढवला की तोच हात बॉलला वर नेतो. शिवाय शाफ्ट आखूड असल्याने बॉल क्लबच्या मध्यावर बसण्याची शक्यताही वाढते. म्हणून अशा गोल्फरला मी फाइव्ह आणि सेव्हन ही जोडी सुचवेन. टीवरून ड्रायव्हरऐवजी काहीतरी हवे असेल तर फोर वूड बघावे. साडेसोळा-सतरा अंशांचे हे वूड टीवरून सरळ जाते आणि जमिनीवरूनही उठते.

सेव्हन वूड म्हणजे म्हाताऱ्यांचा क्लब, ही समजूत अजून ऐकू येते. ती सोडून द्यावी. डस्टिन जॉन्सनने नोव्हेंबर 2020 मध्ये 268 च्या विक्रमी स्कोअरने मास्टर्स जिंकली, तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन वूड होते. त्याच्यासारख्या ताकदवान खेळाडूलाही लांबून मारलेला बॉल ग्रीनवर उंचावरून, जवळजवळ सरळ खाली पडायला हवा असतो. असा बॉल थांबतो. सपाट येणारा बॉल ग्रीनवरून पलीकडच्या बंकरात जातो.

मग हायब्रिड का नको? 21-22 अंशांची हायब्रिड सेव्हन वूडपेक्षा चांगली दीड इंच आखूड असते आणि तिचे डोके लहान असते. दाट रफमधून ती गवत कापत निघते, तिथे वूडचे रुंद डोके अडकते. आयर्नसारखा बॉलवर खाली मारणाऱ्याला हायब्रिड मानवते. गवत झाडल्यासारखा क्लब आडवा फिरवणाऱ्याला वूड सोपे जाते, आणि वूडचा बॉल उंच जातो. उजव्या हाताच्या काही खेळाडूंचा बॉल हायब्रिडने सारखा डावीकडे वळतो. त्यांनी सेव्हन वूड जरूर मारून पाहावे.

रेंजवरचे काम इथे संपते. पुढचे काम स्कोअरकार्डावर करा. ज्या मैदानावर सर्वांत जास्त खेळता, त्याचे कार्ड घ्या आणि मागच्या काही फेऱ्यांत लांबचा फटका कुठून, किती यार्डांवरून आणि कशा जमिनीवरून आला ते प्रत्येक होलसमोर लिहा. पार फाइव्हचा दुसरा फटका बहुतेक वेळा ग्रीनपर्यंत पोचणारच नसतो. तिथे दहा यार्ड जास्त मिळवण्यापेक्षा बॉल फेअरवेवर राहणे मोलाचे. 170 यार्डांची पार थ्री असेल तर त्या अंतराचा भरवशाचा क्लब आधी घ्या. खारघर व्हॅलीसारख्या डोंगरांमधल्या मैदानावर चढ-उतार पाहा. उतारावर उभे राहिलात की क्लबचा लॉफ्ट प्रत्यक्षात कमी होतो, आणि तिथून थ्री वूड उडवणे चांगल्या खेळाडूलाही जड जाते. पुण्याच्या साडेपाचशे मीटर उंचीवर 180 यार्डांच्या फटक्याला तीन-चार यार्ड जादा मिळतात. मुंबईत खेळताना तेवढे वजा करा.

विकत घेताना आकड्यापेक्षा लॉफ्ट विचारा. एका कंपनीचे थ्री वूड साडेतेरा अंशांचे असते, दुसरीचे सोळाचे. जुना क्लब घेत असाल तर क्लब दुरुस्त करणाऱ्याकडून लॉफ्ट मोजून घ्या. फेस उथळ असलेले वूड जमिनीवरून सोपे, उंच फेसचे टीवरून. शाफ्ट ड्रायव्हरच्या शाफ्टपेक्षा हलकी नको. लॉफ्ट बदलता येणारी स्लीव्ह असेल तर ध्यानात ठेवा : लॉफ्ट वाढवला की फेस थोडा डावीकडे बंद होतो. फेरी सुरू असताना तो बदलणे नियमात बसत नाही.

ठरवलेली जोडी घेऊन पाच-सहा फेऱ्या खेळा आणि प्रत्येक वूडचा वापर कार्डाच्या कोपऱ्यात लिहा : किती वेळा बाहेर काढले, किती वेळा बॉल हवा तिथे पडला. जे वूड फक्त टीवर निघते आणि तिथेही ड्रायव्हरपेक्षा सरळ जात नाही, ते घरी ठेवा. ही नोंद वर्षातून दोनदा करावी लागते. एप्रिल-मेमध्ये जमीन कडक असते आणि खालून गेलेला बॉलही रोलवर पुढे जातो, त्यामुळे कमी लॉफ्टचे वूड निभावून नेते. जूनपासून बॉल पडला तिथेच रुततो आणि कॅरी हेच सगळे अंतर असते. तेव्हा थ्री किंवा फोर काढून नाइन वूड घालून पाहा, आणि ऑक्टोबरमध्ये जमीन वाळली की पुन्हा मोजा.