आडनावावरील अनुस्वार

इंग्रजीत आडनावाची षष्ठी लिहिताना आमच्या विद्यार्थ्यांची फार तारांबळ उडते. नियम सोपा आहे. एका कन्नमवारांचे घर म्हणावयाचे असल्यास ॲपॉस्ट्रॉफीचे चिन्ह 'एस'च्या अगोदर द्यावे. सर्व कन्नमवार मंडळींचे म्हणावयाचे असल्यास 'एस'च्या नंतर. आणि नुसते 'कन्नमवार मंडळी' म्हणावयाचे असल्यास ते मुळीच देऊ नये. मराठीत हे चिन्ह लागत नाही. येथे सारा भार अनुस्वारावर आहे.

'कन्नमवाराचे' हे एकवचन, 'कन्नमवारांचे' हे अनेकवचन. परंतु आपण अनेकवचन आदरार्थीही योजतो. म्हणून १९६२-६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेल्या मारोतराव कन्नमवारांविषयी लिहिताना, व्यक्ती एकच असूनही, अनुस्वार अवश्य हवा. तो गाळल्यास अर्थ कळतो, पण मान जातो. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी पुष्कळ अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. हा मात्र राखला.

एक अडचण उरतेच. 'कन्नमवारांचे घर' म्हणजे एका सद्गृहस्थाचे की साऱ्या कुटुंबाचे? संदर्भावरून उलगडा होत नसेल, तर 'मारोतराव कन्नमवार यांचे' किंवा 'कन्नमवार कुटुंबाचे' असे स्पष्ट लिहावे.

एकारान्त आडनावांचे रूपच पालटते. १८५८ साली चांद्यास फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाके यांच्याविषयी 'शेडमाक्यांचा पराक्रम' असे आपण सहज म्हणतो. परंतु परक्या वाचकास त्यावरून मूळ आडनाव 'शेडमाका' की 'शेडमाके' हे कळणार नाही. यास्तव दाखला, अर्ज व निमंत्रणपत्रिका यांत आडनाव जसेच्या तसे ठेवून पुढे 'यांचा', 'यांची', 'यांचे' हे शब्द सुटे लिहावेत. 'मडावी'सारख्या ईकारान्त नावास 'मडावींचे' असा अनुस्वार देण्याची रूढी आहे. तेथेही 'मडावी यांचे' हे निर्वेध होय.

विद्यार्थ्यांच्या वह्यांत आम्हांस एक गोष्ट वारंवार आढळते. निबंधात 'टिळकांचे' हा अनुस्वार कोणी चुकत नाही. पण शेजारी मोलमजुरी करणारे वडीलधारे गृहस्थ आले की 'गेडामाचे घर' असे बेधडक लिहिले जाते. हा दोष केवळ व्याकरणाचा नव्हे. पालकांनी घरी बोलतानाच 'गेडामांचे' म्हणावे. मुलांच्या कानी जे पडेल, तेच त्यांच्या लेखणीतून उतरेल.