कृत्रिम दृष्टिपटल : आशा आणि मर्यादा

लोहा व परिसरातील अनेक कुटुंबांना वाटते, की डोळा बदलला म्हणजे दृष्टी परत येते. वस्तुतः नेत्रदानातून दृष्टिलाभासाठी मुख्यतः डोळ्यापुढील पारदर्शक पटल वापरले जाते. डोळ्याच्या आतील दृष्टिपटल निकामी झाल्यास नेत्ररोपणाने दृष्टी येत नाही. अशा रुग्णांसाठी शास्त्रज्ञांनी विद्युत उपकरणाचा मार्ग शोधला.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारात प्रथम रातांधळेपणा येतो व पुढे दृष्टीचे क्षेत्र आक्रसत जाते. प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशी मरतात; तथापि दृष्टिपटलातील इतर काही चेतापेशी जिवंत राहतात. या पेशींना सौम्य विद्युतप्रवाह दिल्यास मेंदूला प्रकाशाचे ठिपके जाणवतात. ‘आर्गस २’ या यंत्रात चष्म्यावरील कॅमेऱ्याचे चित्र ६० विद्युतअग्रांमार्फत दृष्टिपटलावर पोहोचत असे. त्यास युरोपात २०११ मध्ये व अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. किंमत सुमारे दीड लाख डॉलर होती. लाभ मात्र दार, खिडकी, ठळक आकार ओळखण्यापुरता. २०१९ मध्ये उत्पादन थांबले आणि ज्यांच्या डोळ्यांत यंत्र होते, त्यांना दुरुस्तीही दुर्लभ झाली.

‘प्रिमा’ हे नवे उपकरण दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचे असून ते वार्धक्यातील दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या ऱ्हासासाठी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात ते ३८ रुग्णांना बसविले होते. वर्षअखेरीस तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांची अक्षरे ओळखण्याची क्षमता लक्षणीय वाढली. तरीही ही नैसर्गिक दृष्टी नव्हे. दीर्घ सराव लागतो, आणि काचबिंदूने दृष्टिचेता नष्ट झाली असल्यास अशा उपकरणांचा उपयोग होत नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. नागपूर परिसरातील खेड्यांत तिशीवरील ४७११ व्यक्तींची तपासणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार रेटिनायटिस पिगमेंटोसाचे प्रमाण सुमारे ७५० व्यक्तींमागे एक आढळले. जगात ते साधारणतः ४००० मागे एक मानले जाते. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एकच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी अपत्याकडे येण्याची शक्यता अशा विवाहांत वाढते. घरात कोणास हा विकार असल्यास सोयरीक ठरविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

खात्रीशीर इलाजाच्या जाहिरातीवर विसंबून शेत विकण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. उरलेली दृष्टी वापरण्यासाठी भिंगे, पांढऱ्या काठीचे प्रशिक्षण व शासकीय रुग्णालयातून मिळणारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांचा आधार आजच मिळू शकतो. मधुमेही रुग्णांनी तर दरवर्षी दृष्टिपटल तपासून घ्यावे. कारण त्यांचे अंधत्व बहुतांशी टाळता येते. देणगीदारांनीही हे ध्यानी घ्यावे : एका दुर्मिळ यंत्राच्या किमतीत अशा असंख्य तपासण्या होऊ शकतात. संशोधनाविषयी आशा जरूर बाळगावी. परंतु जी दृष्टी आज वाचविता येते, ती प्रथम वाचवावी.