नोएडात आंधी, रोहतांगला बर्फ

एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातले नातेवाईक आमच्याकडे नोएडाला रात्रभर टेकतात आणि पहाटे गाडीने मनालीला निघतात. त्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते: इथे आंधीचा, म्हणजे धुळीच्या वादळाचा, इशारा असेल, तर डोंगरातल्या रस्त्याची चौकशी केल्याशिवाय निघू नका.

इथली आंधी आणि डोंगरातला बर्फ, दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी चक्रावात येतो (हिंदी बातम्यांत पश्चिमी विक्षोभ). हिमालयात त्याचं बर्फ होतं. मनालीच्या पुढच्या, 3,978 मीटरवरच्या रोहतांग खिंडीत तर मे महिन्यातही. इकडे तापलेल्या मैदानावर ढग उभे राहतात, पण पाऊस कोरड्या हवेत वरच्या वरच विरतो. त्याने गार झालेली हवा जड होऊन खाली कोसळते आणि धूळ उधळत सुटते. आपल्या वळवासारखी सर येईल म्हणून गॅलरीत उभं राहू नये. आधी डोळ्यांत माती जाते.

एका वर्षी माझे चुलत दीर-जाऊ मुलांना घेऊन मनालीला गेले होते. अटल बोगदा 2020 पासून सुरू आहे, मग बर्फाची काय भीती, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. बोगद्यामुळे खिंड टळते, पण बोगद्यापर्यंतचा रस्ता उघड्यावरच आहे. त्या रस्त्यावर सोलांगपाशी पोलिसांनी गाड्या अडवल्या, फक्त फोर-बाय-फोर पुढे सोडत होते. मुलांच्या अंगात पातळ स्वेटर, मागे गाड्यांची रांग. मध्यरात्रीपर्यंत ती गाडीतच बसून होती. त्याच संध्याकाळी आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची तुळशीची कुंडी आंधीने उडून खाली स्कूटरच्या सीटवर फुटली. एरवी त्या वेळी तिथे मुलं सायकली फिरवत असतात.

मे 2018 च्या आंधीत उत्तर प्रदेश आणि राजस्थानात शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांतली कित्येक भिंती-छपरं कोसळून. म्हणून वारा सुटल्यावर जुन्या भिंतीच्या, होर्डिंगच्या किंवा झाडाच्या आडोशाला थांबू नका, गाडीही तिथे लावू नका. कठड्यावरच्या कुंड्या मार्चमध्येच खाली जमिनीवर घ्या.

हवामान खात्याचा अंदाज पाहताना नोएडासाठी गौतम बुद्ध नगर जिल्हा बघा आणि सोबत कुल्लू, लाहौल-स्पितीही. पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा वेगळा येतो, तो निघताना बघा. गाडीत लोकरीचे कपडे, पाणी, कोरडा खाऊ हाताशी ठेवा. आणि हॉटेलचं बुकिंग तारीख बदलता येईल असंच करा, चार पैसे जास्त पडले तरी.