म्हापशाचा शुक्रवार: दुकान भाड्याने घेण्याआधी एवढं शिका

आठवडी बाजारावरच्या व्हिडिओत वेळ कमी पडला आणि हिशेब घाईत झाला. तो इथे सावकाश मांडतो. वही-पेन जवळ ठेवा.

आपल्या सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग पट्ट्यातल्या माणसाला म्हापसा काही नवीन नाही. पण बाजारात पिशवी घेऊन जाणं वेगळं आणि धंदा शिकायला जाणं वेगळं. जाणकार सांगतात की गावाचं नावच 'माप' आणि 'सा' म्हणजे भरणे यावरून पडलं. खरं-खोटं इतिहासवाले बघतील, मला मात्र ते पटतं. कारण या बाजारात शिकायची पहिली गोष्ट म्हणजे मापच.

बघा, मयड्याची मोठी केळी नगावर विकली जातात. गोवन सॉसेज, म्हणजे चोरीस, माळेवर. सुकी मासळी आणि गावठी भाजी वाट्यावर किंवा जुडीवर. किलोचा भाव विचारला की गिऱ्हाईक लगेच मनात शेजारच्याशी तुलना करतं. वाटा समोर मांडलेला असला की ते फक्त "हा केवढ्याला?" एवढंच विचारतं, आणि निर्णय दोन मिनिटांत होतो. म्हणून तुमच्या वस्तूचं माप असं ठरवा की किंमत पन्नास किंवा शंभर येईल. 87 रुपयांचं पाकीट बाजारात विकायला नेऊ नका. सुट्ट्यांच्या भानगडीत पुढचं गिऱ्हाईक निघून जातं, आणि नेटवर्क नसलं की स्कॅनरही कामाचा नाही.

दुसरी गोष्ट, मालाचं गाव. गोव्यात बरीचशी भाजी बेळगावहून येते. तिच्या शेजारीच गावठी भाजीची टोपली असते, आणि तिला जास्त पैसे द्यायला लोक तयार असतात. हरमलची मिरची, खोलची मिरची, मयड्याची केळी यांना तर जीआय मानांकनही मिळालंय. मिरची सगळीकडे मिळते हो, पण गिऱ्हाईक गावाचं नाव घेऊन मागतं तेव्हा भावाची घासाघीस निम्मी होते. तुमचं कोकम कुठल्या गावचं, काजू कुठल्या बागेतला, हे पाटीवर ठळक लिहा. फक्त खरं लिहा. इथलं गिऱ्हाईक नाकाने ओळखतं.

आता हिशेब. आमच्या बॅचमधल्या एका ताई घरी मालवणी मसाला करतात. चव उत्तम. बांगड्या गहाण ठेवून दुकानगाळा घ्यायचं त्यांचं जवळपास ठरलं होतं. त्यांना मी जे मांडून दाखवलं तेच तुम्हाला दाखवतो. आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

100 रुपयांचं पाकीट. माल, दळण, पॅकिंग मिळून खर्च 60. हातात उरले 40. शुक्रवारचा खर्च असा: येणं-जाणं 300, नगरपालिकेचा सोपो 100, चहा-जेवण 100 आणि तुमची स्वतःची मजुरी 500. एकूण 1000. म्हणजे 25 पाकिटं खपली की तुम्ही बरोबरीत. मजुरी धरायचीच, बरं का. "आपण घरचेच" म्हणून जो ती धरत नाही, त्याला धंदा चालतोय की आपण फुकट राबतोय हे वर्षभर कळत नाही.

आता गाळा. भाडं 8000, लाईट 1000, 26 दिवसांची मजुरी 13000. महिन्याला 22000. भागिले 40, म्हणजे 550 पाकिटं. दिवसाला साधारण 21-22. तुम्ही म्हणाल, सर, हे तर बाजारापेक्षा कमीच झालं! बरोबर. पण बाजारात गर्दी आपोआप चालत येते, गाळ्यात ती तुम्हाला आणावी लागते. आणि वाईट शुक्रवार गेला तर नुकसान फार तर हजाराचं, त्यातही निम्मी तुमचीच मजुरी. गाळ्याचा एक वाईट महिना 22000 खातो. डिपॉझिट आणि कर्जाचं व्याज मी अजून धरलेलंच नाही. ताईंनी बांगड्या तूर्त कपाटात ठेवल्यात आणि आठ शुक्रवार बसायचं ठरवलंय.

या आठ शुक्रवारांत वहीत दोनच रकाने ठेवा: नवीन गिऱ्हाईक किती, परत आलेलं किती. मसाल्याचं पाकीट संपायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या तीन-चार आठवड्यांत दुसरा रकाना रिकामा दिसला तरी घाबरू नका. आठव्यालाही रिकामाच असेल तर मात्र गाळ्याचा विषय सोडा, आधी मसाला बदला.

बसायच्या जागेबद्दल. मोकळी दिसली म्हणून बसू नका. तिथे वर्षानुवर्षं बसणारी एखादी मावशी असते, ती नऊ वाजता येते. पहिल्या शुक्रवारी माल न नेता जा, आजूबाजूच्यांना विचारा, सोपो घेणाऱ्याला विचारा, पावती जपून ठेवा. एफएसएसएआयची नोंदणी काढून घ्या. पाकिटावर नाव-पत्ता, घटक, वजन, किंमत, तारीख छापा. सुटं विकत असाल तर काट्यावर वैधमापनचा शिक्का हवा.

आणि सुरुवात कधी? माझ्या मते मार्चमध्ये. मे महिन्यात गोव्यात पुरुमेंताची खरेदी असते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुकी मासळी, मिरची, चिंच, सोलं, मसाले. गिऱ्हाईक वर्षाचा मसाला तेव्हा घेतं, पण अनोळखी माणसाकडून किलोभर घेत नाही. मार्चमध्ये शंभराचं पाकीट नेलेलं माणूस मेमध्ये किलो मागेल. त्यासाठी मिरची उन्हात वाळवून एप्रिलअखेर तयार हवी. जूनच्या पहिल्या सरीनंतर ती वाळत नाही.