तिशीत डॉक्टर व्हायचंय, पण मागचे मार्क कमी आहेत

मिडलमोर हॉस्पिटलचा पत्ता ऑकलंडच्या ओटाहुहु उपनगराचा. १९४७ पासूनचं हे रुग्णालय. भाजलेल्या रुग्णांसाठीचं न्यूझीलंडचं राष्ट्रीय केंद्रही इथेच आहे. आपल्यापैकी कुणी इथे हेल्थ केअर असिस्टंट असतं, कुणी लॅबमध्ये, कुणी रिसेप्शनवर. रोज वॉर्ड बघता बघता एखाद्याला वाटू लागतं, आपण डॉक्टर व्हायला हवं होतं. वय एकोणतीस, हातात बी-ग्रेडची पदवी, बँकेत घराचं कर्ज. हे घरी बोलून दाखवलं की आई-बाबांचा पहिला प्रश्न वयाचा असतो.

वयाची चिंता करू नका. इथल्या वैद्यकीय प्रवेशाला वयाची वरची अट नाही. भारतातही नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये उठली. खरी अडचण मार्कांची आहे, आणि ती कळकळीने किंवा वॉर्डातल्या अनुभवाने भरून निघत नाही. एक अट मात्र त्याच्याही आधी येते. देशी विद्यार्थ्यांच्या जागा नागरिकांना आणि रेसिडेंट व्हिसा असलेल्यांनाच मिळतात. वर्क व्हिसावर असाल तर आधी रेसिडेन्सीचं बघा.

आता मार्कांचा हिशेब कागदावर मांडू. ऑकलंड विद्यापीठात ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ६ आणि बी मायनसला ४ धरतात. तीन वर्षांच्या पदवीत साधारण २४ पेपर असतात. सरासरी, म्हणजेच जीपीए, ४ असेल तर बेरीज ९६ होते. नोकरी सोडून वर्षभर आठ नवे पेपर केले आणि सगळ्यांत ए मिळवला, तर १६० भागिले ३२, म्हणजे जेमतेम ५. मुलाखतीचा विचार व्हायलाच ६ लागतात, आणि ज्यांना बोलावणं येतं त्यांचा जीपीए बहुधा त्याहून बराच वर असतो. म्हणजे जुन्या पदवीला चार चांगले पेपर जोडून भागत नाही. लागते ती नवी पदवी, जिचा जीपीए स्वतंत्र मोजला जाईल.

म्हणूनच माझा आग्रह एका गोष्टीचा आहे: नवी पदवी अशी निवडा की मेडिकलला नंबर लागला नाही तरी त्या पदवीवर आनंदाने जगता येईल. ओटाहुहुच्या शेजारी ओटारात मनुकाउ इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, तिथे तीन वर्षांची नर्सिंगची पदवी मिळते. एयूटी विद्यापीठाच्या दक्षिण कॅम्पसला आरोग्याचे अभ्यासक्रम आहेत. पॅरामेडिक हा तर २०२१ पासून नोंदणीकृत व्यवसाय झाला आहे. अनुभवी नर्स पुढे मास्टर्स करून नर्स प्रॅक्टिशनर होते, रुग्ण तपासते, औषधं लिहून देते. यातलं काहीही केवळ पायरी म्हणून घेऊ नका. ज्या नर्सला नर्सिंग नकोसं आहे, तिच्या हाताखालच्या रुग्णाला ते कळतं.

मात्र पदवीला नाव घालण्याआधी, नोकरी न सोडता, रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राचा एखादाच पेपर करून बघा. शिफ्ट सांभाळून ए मायनस आला तर पुढे जा. मनापासून अभ्यास करूनही बी वरच अडकलात, तर ते आज कळलेलं बरं. आई-बाबांनी त्या सेमिस्टरपुरता लग्नाचा आणि घराच्या हप्त्याचा विषय काढू नये. नातवंडं असतील तर सांभाळावीत, डबा द्यावा. या काळात सल्ल्यापेक्षा ही मदत मोठी आहे.

युकॅट ही प्रवेशाची वेगळी परीक्षा. ती जुलै-ऑगस्टमध्ये होते, नेहमीची नोंदणी मे महिन्यातच बंद होते आणि गुण फक्त पुढच्या वर्षीच्या प्रवेशाला चालतात. तिच्यात जीवशास्त्र नसतं; वाचन, तर्क, आकडेमोड आणि प्रसंगी कसं वागाल, हे तपासतात. अधिकृत संकेतस्थळावर सराव चाचण्या फुकट आहेत, महागड्या क्लासच्या आधी त्या सोडवा.

एक तक्रार आपल्या घरांतून वारंवार ऐकू येते: माओरी आणि पॅसिफिक विद्यार्थ्यांना वेगळ्या जागा, मग आमच्या मुलांचं काय? ओटाहुहुत राहून हे विचारू नये असं मला वाटतं. इथल्या वस्तीचा मोठा भाग सामोअन आणि टोंगन कुटुंबांचा आहे. त्यांना आपली भाषा बोलणारे डॉक्टर मिळणं ही या उपनगराची गरज आहे.

दुसरे रस्ते? ओटागोला १८७५ पासून वैद्यकीय शाळा आहे. तिथेही ऑकलंडप्रमाणे पदवीधर थेट दुसऱ्या वर्षात जातो, म्हणजे पाच वर्षं. वायकाटोला पदवीधरांसाठी चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची वैद्यकीय शाळा सरकारने २०२५ मध्ये मंजूर केली. ती २०२८ पासून सुरू व्हायची आहे, वर्षाला १२० जागा. तुमची नवी पदवी त्याच सुमारास संपेल, म्हणून तिच्याकडे लक्ष ठेवा. न्यूझीलंडचं नागरिकत्व असेल तर ऑस्ट्रेलियात अनुदानित जागेसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी गॅमसॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि बहुतेकांना तिथलं शैक्षणिक कर्ज मिळत नाही, फी खिशातून भरावी लागते.

फिजी किंवा जॉर्जियातून स्वस्तात एमबीबीएस करून परत येण्याचा बेत मात्र नीट तपासा. तिथल्या पदवीनंतर इथे एनझेडआरईएक्स ही परीक्षा द्यावी लागते, आणि ती पास होऊनही पहिल्या नोकरीसाठी थांबलेले डॉक्टर या शहरात आहेत. एजंट हे सांगत नाही.

वर्षांचा हिशेब असा: तिसाव्या वर्षी नवी पदवी सुरू केली तर तेहतिसाव्या वर्षी मेडिकल, अडतिसाव्या वर्षी डॉक्टर, दोन वर्षं हाऊस ऑफिसर आणि तीन वर्षं प्रशिक्षण मिळून त्रेचाळिसाव्या वर्षी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. मेडिकलच्या शेवटच्या वर्षी ट्रेनी इंटर्नला थोडा भत्ता मिळतो, त्याआधीची वर्षं जोडीदाराच्या पगारावर निघतात. त्यामुळे हा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो.

आजच विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल पाठवा. माझी भारतातली किंवा इथली जुनी पदवी मोजणार का? नवी पदवी घेतली तर जीपीए कशावर धरणार? कोणते पेपर सक्तीचे? स्टुडंट लोन बघणाऱ्या स्टडीलिंकला वेगळं विचारा, कारण रेसिडेंट व्हिसावर तीन वर्षं राहिल्याशिवाय स्टुडंट लोन मिळत नाही आणि लोनच्या वर्षांनाही मर्यादा आहे. उत्तरं लेखी घ्या, आणि ती हातात आल्यावरच राजीनाम्याचा विषय काढा.